चारित्र्याचा दाखला आणि कंत्राटी बाई

(कंत्राटी काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात एका समाजकार्यकर्तीनं केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला 'सुरक्षा पडताळणी' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. नाव ऐकून वाटेल, हा विषय लष्कराचा, गुप्तहेरांचा. आपला काय संबंध? पण इथे बसलेल्यांपैकी कोणी गोदीत झाडलोट करतं, कोणी दारूगोळा कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतं, कोणी विमानतळावर फरशी पुसतं. कोणी सरकारी दवाखान्यात आया आहे, कोणी सरकारी कार्यालयात कंत्राटावर टायपिंग करतं. माझ्यासारख्या काहीजणी अकरा महिन्यांच्या करारावर समुपदेशक आहेत. आपल्यातली एकही कायम नाही. आणि आत शिरायला प्रत्येकीला एक कागद लागतो. कोणी त्याला 'पोलीस व्हेरिफिकेशन' म्हणतं, कोणी 'चारित्र्याचा दाखला'. हा कागद नसेल तर गेटपास नाही, आणि गेटपास नसेल तर रोज नाही. म्हणून हा विषय आपल्या पोटाचा आहे.

आधी हा कागद चालतो कसा ते पाहू. ज्या कारखान्यात किंवा दवाखान्यात आपण प्रत्यक्ष काम करतो तो मुख्य मालक. त्यानं टेंडर काढून काम कंत्राटदाराला दिलं. टेंडरमध्ये अट असते की, कंत्राटदारानं आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून आणावी. कंत्राटदार ती अट सरळ आपल्या गळ्यात टाकतो. मग सायबर कॅफेत जाऊन ऑनलाइन अर्ज भरा, आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, भाडेकराराच्या झेरॉक्स जोडा, पोलीस ठाण्यात खेपा घाला. फीचे पैसे आपले, कॅफेवाल्याचे आपले, बुडालेले खाडेही आपले. एवढं करून मिळालेला पास कंत्राटाला बांधलेला असतो. कंत्राट संपलं, कंत्राटदार बदलला, की पास गेला. गेट तेच, झाडू तोच, बाई तीच, पण कागद नव्यानं आणायचा. दहा वर्षं एकाच वॉर्डात काम केलेली बाई प्रत्येक नव्या कंत्राटदारासमोर अनोळखी ठरते.

आणखी एक गोष्ट. ही पडताळणी बहुतेक ठिकाणी कंपनीच्या पत्रावर होते. पत्र दिलं तर अर्ज पुढे सरकतो. म्हणजे दाखला आपल्या नावाचा, पण त्याची किल्ली कंत्राटदाराच्या खिशात. पगारावरून, सुट्टीवरून, सुपरवायझरच्या वागणुकीवरून तोंड उघडलं, की "तुझं व्हेरिफिकेशन अजून आलेलं नाही हं" हे वाक्य कानावर येतं. किती जणींनी हे वाक्य ऐकलं आहे? हात वर करा. बघा आजूबाजूला.

आता या दाखल्याच्या नावाकडे वळू. चारित्र्य! पुरुषाला हा शब्द लावला की अर्थ होतो, चोरीमारी केली आहे का. बाईला लावला की आपल्या समाजात अर्थच बदलतो. कागदावरचा प्रश्न एवढाच असतो की, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, कोर्टात खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का. पण तोंडी चौकशीत काय विचारतात? नवरा कुठे असतो? वेगळी का राहतेस? रात्रपाळी करतेस का? घरी कोण कोण येतं? यातल्या एकाही प्रश्नाचा कारखान्याच्या सुरक्षिततेशी संबंध नाही. शेजारी किंवा घरमालक काय सांगतो यावर आपलं पोट अवलंबून राहतं. नवऱ्याला सोडून आलेली, लग्न न केलेली, जातीबाहेर लग्न केलेली बाई इथे आधीच अर्धी नापास असते.

त्यात कागदपत्रांचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. पुरुषाला आयुष्यभर एक नाव पुरतं, बाईच्या मात्र नावाची आणि पत्त्याची दोन दोन खाती. मूळ पत्ता म्हणून सासरचं गाव लिहिलं तर चौकशीचा कागद त्याच घरी जातो, जिथून ती मार खाऊन बाहेर पडली. हे बदलणं अशक्य नाही. पासपोर्टचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये बदलले. आता पासपोर्टसाठी लग्नाचं प्रमाणपत्र लागत नाही, घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव चालतं. परदेशी जायच्या कागदाला हे चालतं, तर दवाखान्यात फरशी पुसायच्या पासाला का चालू नये?

आता मुख्य मुद्दा. पोलिसांच्या नोंदीत आपल्यासारख्या बाईचं नाव येतं तरी कशामुळे? आमच्या केंद्रात ज्या बायका येतात त्यांच्याकडे पाहिलं तर दोन-तीनच वाटा दिसतात. पहिली वाट घरातली. बाईनं मारहाणीची तक्रार केली की दुसऱ्या दिवशी नवरा किंवा दीर जाऊन तिच्याविरुद्ध एन.सी. नोंदवतो. शिवीगाळ केली, धमकी दिली, सासूला ढकललं. कधी पोलीस दोघांवरही चॅप्टर केस करतात. दुसरी वाट रस्त्यावरची. रेशनसाठी, पाण्यासाठी, झोपडी पाडू नये म्हणून आपण मोर्चात जातो आणि जमावबंदीचा गुन्हा लागतो, सदतीस-एकशेपस्तीस. तिसरी वाट जन्माची. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त वस्त्यांतल्या बायका यात भरडल्या जातात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण चौकशीला आलेल्याच्या नजरेतला पुसला गेला नाही. आडनाव ऐकूनच पेन थांबतं.

म्हणजे या नोंदीत सापडते ती बहुतेकदा उलट बोललेली बाई, हक्क मागायला उभी राहिलेली बाई. जी गप्प बसून मार खात राहिली तिचा दाखला कोरा. या दाखल्याला आपण चारित्र्य म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. एका सरकारी दवाखान्यात ती कंत्राटदारामार्फत काम करत होती. नवऱ्याविरुद्ध तक्रार केल्यावर त्यानं तिच्यावर आणि तिच्या भावावर एन.सी. टाकली होती. नवीन कंत्राट लागलं, फॉर्म आला. 'आपल्याविरुद्ध कधी तक्रार अथवा गुन्हा नोंद झाला आहे काय?' तिनं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "कशाला भानगड? 'नाही' लिही." तिनं लिहिलं. पोलिसांच्या अहवालात एन.सी. आली. तोच सुपरवायझर म्हणाला, "तू खोटं लिहिलंस. उद्यापासून येऊ नकोस."

आम्ही तिच्याबरोबर फिरलो. दवाखाना म्हणाला, ती आमची कर्मचारीच नाही, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, मला काही अडचण नाही हो, पण दवाखाना चालवून घेणार नाही. पोलीस म्हणाले, आम्ही फक्त नोंद कळवली, काढून टाका असं कुठे म्हटलं? तीन दारं आणि तिन्हीकडे एकच उत्तर, आमचं काही नाही. काम मात्र तिचं गेलं. तिला कोणी लेखी कारणही दिलं नाही.

चार महिन्यांनी दुसऱ्या कंत्राटात तिनं पुन्हा अर्ज केला. या वेळी आम्ही बसून फॉर्म भरला. 'होय' लिहिलं. खाली जोडपत्र लावलं: मी नवऱ्याविरुद्ध अमुक तारखेला तक्रार केली, त्यानंतर अमुक तारखेला त्यानं माझ्याविरुद्ध अदखलपात्र तक्रार नोंदवली, त्यावर कोर्टात कोणतंही प्रकरण नाही. दोन्ही तक्रारींच्या प्रती लावल्या. पास मिळाला. प्रत्येकीला मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण 'नाही' लिहून गेलेल्या बाईच्या बाजूनं बोलायला आमच्याकडे फार थोडं होतं, 'होय' लिहिलेल्या बाईच्या बाजूनं पुष्कळ होतं.

याला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे. २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी पडताळणीच्या फॉर्मबद्दल नियम घालून दिले. विचारलेली माहिती खरी द्या, लपवाछपवी करू नका, हा पहिला नियम. पण त्याबरोबर मालकालाही सांगितलं की, गुन्हा किरकोळ असेल, तर लपवलं म्हणून लगेच गळा कापू नका, परिस्थिती पाहा. त्यांनी दिलेलं उदाहरण ऐका: तरुण वयात घोषणा दिल्याबद्दलचा गुन्हा. म्हणजे आपला मोर्चाच! आणखी एक महत्त्वाची गोष्ट. फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नाही. जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून माणसाला खोटं ठरवता येत नाही. मात्र खरं लिहिलं की नेमणूक द्यायलाच हवी असंही निकाल म्हणत नाही. आणि तो आहे सरकारी नोकरांबद्दलचा. कंत्राटी बाईला तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिचा मालक कोण इथूनच वाद सुरू होतो. पण कायम नोकराला जेवढा न्याय, तेवढा तरी कंत्राटी बाईला द्या, हे म्हणायला तो उपयोगी आहे.

१९८३ सालचा एक निकालही लक्षात ठेवा. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला पोलिसांच्या अहवालावरून काढलं होतं, कारण तो एका संघटनेच्या आणि पक्षाच्या कामात भाग घेत असे. त्या संघटनेशी आपले मतभेद असतील, पण सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, राजकीय मतावरून माणसाची नोकरी नाकारणं संविधानात बसत नाही. ते तत्त्व त्याला लागू, तसं आपल्यालाही लागू.

थोडे शब्द समजून घेऊ, कारण ते न कळल्यामुळे आपण घाबरतो. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपाससुद्धा करू शकत नाहीत. एफ.आय.आर. म्हणजे दखलपात्र गुन्हा नोंद झाला, तपास सुरू झाला. नोंद झाली म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. तपासात पुरावा मिळाला तर चार्जशीट जातं, नाही तर समरी जाते. त्यात 'बी' समरी म्हणजे तक्रारच खोटी. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी घेतलेला बाँड, तीही शिक्षा नाही. कोर्टानं सोडलं तर निर्दोष मुक्तता. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या हातून काही घडलं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार पुढे ते तिच्या आड येऊ नये असं आहे, फारच गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली सोडलेल्या माणसालाही शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा कायदा आहे. तिथेही पूर्वचारित्र्याची खात्री करून घ्यायला सांगितलं आहे, पण थेट बंदी कोर्टात दोषी ठरलेल्यांवर घातली आहे, केवळ तक्रार झालेल्यांवर नाही. या सगळ्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. सुपरवायझरच्या तोंडी मात्र त्यांचं एकच नाव असतं: "हिच्यावर केस आहे."

हा प्रश्न फक्त आपल्या गरिबीचा किंवा आपल्याकडच्या पोलिसांचा आहे असं समजू नका. अमेरिकेत सरकारच्या गुप्त कामाचं कंत्राट घ्यायचं तर 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो. एकटीनं, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीला तो स्वतःहून मागता येत नाही. सरकारी खात्यानं किंवा मान्यता असलेल्या कंपनीनं तिच्यासाठी मागणी करावी लागते. काम मिळायला क्लिअरन्स हवा आणि क्लिअरन्स मिळायला आधी कोणी काम द्यायला हवं! तिथल्या शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिक बाईचीही किल्ली दुसऱ्याच्याच खिशात.

तिथला 'एसएफ-८६' नावाचा फॉर्म शंभरावर पानांचा. त्यात एकविसावा प्रश्न मानसिक उपचार किंवा समुपदेशन घेतलं आहे का, हा होता. सैन्यात बलात्कार झालेल्या स्त्रिया समुपदेशनाला जायला घाबरत, कारण मग 'होय' लिहावं लागेल आणि क्लिअरन्स जाईल. अत्याचार करणाऱ्याला असं काही लिहावं लागत नव्हतं, सोसणारीला लागत होतं. सैन्यातल्या स्त्रियांनी हा प्रश्न लावून धरला. एप्रिल २०१३ मध्ये सरकारनं सांगितलं की, लैंगिक अत्याचारामुळे घेतलेलं समुपदेशन इथे लिहिण्याची गरज नाही. २०१६ मध्ये तो प्रश्नच नव्यानं लिहिला गेला. त्याही आधी, १९५३ च्या एका हुकमाच्या आधारे समलिंगी स्त्री-पुरुषांना सरकारी कामावरून काढलं जात होतं. केवळ लैंगिक कल पाहून क्लिअरन्स नाकारता येणार नाही, हे १९९५ च्या हुकमानं मान्य केलं. यातून आपण घ्यायचं ते एवढंच की फॉर्ममधले प्रश्न देवानं लिहिलेले नसतात. माणसांनी लिहिलेले असतात, आणि रेटा लावला तर बदलतात.

आता कोणी विचारेल, ताई, मग पडताळणी नकोच म्हणायचं का? नाही. तसं आपल्याला म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला. आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. त्यानंतर शाळांमधल्या कंत्राटी माणसांचीही चारित्र्य पडताळणी करा असा शासनानं आदेश काढला. रस्त्यावर उतरलेल्यांत आपण बायका होतो. मुलांच्या वॉर्डात, वसतिगृहात, रात्रीच्या गाडीवर कोण आहे हे तपासलंच पाहिजे. म्हणून आपली भूमिका नीट मांडू या. गुन्हा तपासा, संसार तपासू नका. कोर्टानं काय ठरवलं ते पाहा, शेजारी काय कुजबुजतात ते नको. आणि जे तपासलं, ते त्या बाईला कळवा, तिचं म्हणणं ऐका आणि मगच निर्णय करा.

आपल्या मागण्या मी पाच मांडते. चर्चेत भर घाला.

एक, पडताळणीचा खर्च आणि त्या दिवसांचा रोज कंत्राटदारानं द्यावा, त्यानं नाही दिला तर मुख्य मालकानं. कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मुख्य मालक जबाबदार, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं आणलं आणि २०२० च्या संहितेतही ते ठेवलं आहे. मजुरीला जे लागू, ते मजुरीच्या दारातल्या कागदाला का नको?

दोन, दाखला बाईच्या नावावर असावा. त्याच गेटवर कंत्राटदार बदलला म्हणून तो रद्द होऊ नये.

तीन, फॉर्ममध्ये प्रश्न नेमके असावेत, मराठीत असावेत आणि नवऱ्याच्या नावाची सक्ती नसावी.

चार, प्रतिकूल अहवाल आला तर कारण लेखी मिळावं, आणि काढण्याआधी बाजू मांडायची संधी मिळावी.

पाच, घरगुती हिंसाचाराची तक्रार केल्यावर आलेली उलट तक्रार तशीच, संदर्भासहित कळवावी. नुसती 'नोंद आढळली' अशी नको.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर आपण काय करायचं? प्रत्येक गटानं एक फाइल ठेवायची. तीत प्रत्येक बाईच्या भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स, तक्रारींच्या प्रती, समरी किंवा निकालाची प्रमाणित प्रत असली पाहिजे. निर्दोष सुटलेल्या बाईनं निकालाची प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी, कारण नोंद करायला सगळे तत्पर असतात, खोडायला कोणी नसतं. मोर्चातले खटले मागे घ्यायची सरकारी पक्षाला कायद्यात तरतूद आहे. पूर्वी ते कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३६० आहे. त्यासाठी आपल्या मोर्च्यांची यादी करून पाठपुरावा करायला हवा. अर्ज अडकला तर माहितीच्या अधिकारात विचारा की तो कोणत्या टेबलावर, किती दिवसांपासून आहे. चौकशीला एकटीनं जाऊ नका, दोघी जा. नको तो प्रश्न विचारला तर शांतपणे म्हणा, "साहेब, हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठे आहे, दाखवा."

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सुपरवायझर म्हणाला म्हणून 'नाही' लिहू नका. आपण नवऱ्याविरुद्ध तक्रार केली, पाण्यासाठी मोर्चात गेलो, यात लपवण्यासारखं काही नाही. ते आपण उजळ माथ्यानं लिहू, खाली कारण लिहू, आणि प्रत गटाच्या फाइलला लावू. एकटीनं लिहिलेलं 'होय' तिला महागात पडू शकतं. पन्नासजणींनी एकाच फॉर्मवर तेच लिहिलं, तर कंत्राटदाराला फॉर्म वाचावा लागेल.

फाइल कोण सांभाळणार, हे आज इथून उठण्याआधी प्रत्येक गटानं ठरवावं, एवढं बोलून थांबते.